बारा व्होल्टांची बढती

गेमिंग कॉम्प्युटर घ्यायचा म्हटलं की चर्चा ग्राफिक्स कार्डापासून सुरू होते आणि बहुधा तिथेच संपते. प्रोसेसर कोणता, रॅम किती, मॉनिटर किती हर्ट्‌झचा यावर तासन्‌तास वाद रंगतात. एसएमपीएसचा, म्हणजे वीजपुरवठ्याच्या डब्याचा, विषय निघतो तो सगळ्यात शेवटी, बजेट संपत आल्यावर, आणि तोही एकाच आकड्यापुरता: किती वॅटचा? प्रश्न चुकीचा नाही, पण शिळा आहे. ज्या यंत्रासाठी तो पुरेसा होता ते यंत्र वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच बदललं. गेल्या चार दशकांत वॅट वाढले हे दिसतंच. त्यामागे भार एका व्होल्टेजवरून दुसऱ्यावर सरकला, हे फारसं कुणी पाहत नाही. हे सरकणं पुरं झालं ते गेम खेळणाऱ्यांच्या हौसेमुळे, आणि एसएमपीएस निवडताना होणाऱ्या बहुतेक चुकांचं मूळ या स्थित्यंतरात आहे, असं माझं मत आहे.

१९८१ साली आयबीएमने आपला पहिला पीसी बाजारात आणला तेव्हा त्याच्या वीजपुरवठ्याची क्षमता होती ६३.५ वॅट. ही बेरीज उलगडून पाहण्यासारखी आहे. ५ व्होल्टवर ७ ॲम्पिअर, म्हणजे ३५ वॅट. १२ व्होल्टवर २ ॲम्पिअर, म्हणजे २४. उरलेले साडेचार उणे ५ आणि उणे १२ व्होल्टच्या किरकोळ कामांना. मोठा वाटा पाचाचा होता, कारण प्रोसेसर, मेमरी आणि त्यांच्या भोवतीच्या लॉजिक चिपा ५ व्होल्टवर चालत. बारा व्होल्टांकडे मुख्य काम होतं फ्लॉपी ड्राइव्हची मोटर फिरवण्याचं. आकडेमोड पाचावर, फिरवाफिरव बारावर, अशी ही सरळ वाटणी. १९८३ च्या एक्सटीत हार्ड डिस्क आली आणि पुरवठा १३० वॅटवर गेला, १९८४ च्या एटीत तो १९२ वर पोचला. पारडं मात्र पाचाकडेच झुकलेलं राहिलं.

एवढी वीज पत्र्याच्या छोट्या डब्यातून मिळू लागली ती स्विचिंग पद्धतीमुळे. जुन्या पुरवठ्यात ५० हर्ट्‌झवर चालणारा लोखंडी गाभ्याचा जडशीळ ट्रान्सफॉर्मर लागे. नव्या पद्धतीत आधी मेन्सची वीज डीसी करायची, मग ट्रान्झिस्टरने सेकंदाला हजारो वेळा तोडायची. वारंवारता वाढली की त्याच कामाला चिमुकला ट्रान्सफॉर्मर पुरतो. या क्रांतीचं श्रेय १९७७ च्या ॲपल टूसाठी रॉड होल्टने केलेल्या पुरवठ्याला देण्याची प्रथा आहे, आणि स्टीव्ह जॉब्सने तर बाकी सगळ्यांनी त्याची नक्कल केल्याचं म्हटलं होतं. होल्टचं काम उत्तम होतं, पण दावा टिकत नाही. स्विचिंग पुरवठे त्याआधीच महागड्या उपकरणांत आणि मिनी-कॉम्प्युटरांत शिरले होते. उच्च दाबाचे वेगवान ट्रान्झिस्टर आणि नियंत्रणाच्या तयार चिपा स्वस्त झाल्यावर ते घरगुती यंत्रात येणारच होते. एटीच्या काळातल्या या डब्यांना हाताळायला मात्र जपावं लागे. मदरबोर्डला जाणारे पी-८ आणि पी-९ हे दोन जोड अदलाबदल करूनही बसत, म्हणून ‘काळ्या वायरी मधोमध, शेजारी शेजारी’ हा जोडणाऱ्यांचा पाठ होता. चुकलं तर बोर्ड गेलाच. मागच्या बाजूला ११५ आणि २३० व्होल्ट निवडायचं लाल बटण असे. ते ११५ वर ठेवून आपल्याकडच्या सॉकेटला लावलं, की आतल्या कपॅसिटरांवर झेपेल त्याच्या जवळपास दुप्पट दाब येई आणि धडाका होई.

इंटेलने १९९५ मध्ये एटीएक्स हे नवं मानक आणलं. जोड उलटा बसण्याची सोयच राहिली नाही, ३.३ व्होल्टची लाइन आली, आणि बटण दाबून यंत्र जागं करण्यासाठी ५ व्होल्टची एक बारीक धार कायम सुरू राहू लागली. भाराची वाटणी मोडली ती यानंतर. चिपांचा दाब उतरत उतरत दोन व्होल्टच्याही खाली गेला. वॅट कमी होत नव्हते, त्यामुळे ॲम्पिअर वाढत होते, आणि ही वीज चिपेच्या अगदी शेजारी, मदरबोर्डावर तयार करणं भाग पडलं. तिथवर ती आणायची कशी? ६० वॅट ५ व्होल्टवर न्यायचे तर १२ ॲम्पिअर लागतात, १२ व्होल्टवर फक्त ५. वायरीत वाया जाणारी वीज प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणजे त्याच वायरीत पाचाचा मार्ग पावणेसहापट उधळा. पेंटियम फोरबरोबर २००० साली आलेला चार पिनांचा १२ व्होल्टचा जोड हा याच हिशेबाचा परिणाम.

यावर कुणी म्हणेल, मग हा बदल प्रोसेसरने घडवला, गेमचा संबंध काय? सुरुवात प्रोसेसरने केली हे मान्यच केलं पाहिजे. पण प्रोसेसरची भूक साधारण शंभर वॅटांच्या आसपास बरीच वर्षं रेंगाळली, तर ग्राफिक्स कार्डाला थांबा असा आलाच नाही. २००० साली थ्रीडीएफएक्सच्या व्हूडू ५ कार्डाला स्लॉटमधली वीज पुरेना म्हणून हार्ड डिस्कची वायर थेट त्याला लावावी लागली; त्याचा चार चिपांचा थोरला भाऊ तर भिंतीतल्या सॉकेटचा स्वतंत्र ॲडॉप्टर घेऊन येणार होता, पण कंपनीच बुडाली आणि तो दुकानांत आलाच नाही. २००४ मध्ये जीफोर्स ६८०० अल्ट्राला असे दोन जोड लागले, आणि एनव्हीडियाने ४८० वॅटच्या पुरवठ्याची शिफारस केली तेव्हा लोकांनी डोक्याला हात लावला. पुढे पीसीआय एक्सप्रेसने स्लॉटला ७५ वॅट, सहा पिनांच्या जोडाला आणखी ७५, आठ पिनांच्या जोडाला १५० अशी मर्यादा ठरवून दिली. हे दोन्ही जोड केवळ १२ व्होल्टचे. फ्लॉपीची मोटर फिरवणारी लाइन आता डोंगर, सावल्या आणि स्फोट रंगवू लागली होती.

आपल्याकडे हा बदल उशिरा पोचला, किंवा पोचूनही कुणाच्या लक्षात आला नाही. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर असेंबल्ड कॉम्प्युटरचं कोटेशन लिहिलं जाई त्यात प्रोसेसर, मदरबोर्ड, मॉनिटर या सगळ्यांना स्वतंत्र ओळ असे, एसएमपीएसला नसे. ‘कॅबिनेट विथ एसएमपीएस’ एवढा एकच उल्लेख आणि एकच किंमत. पदरी पडलं पवित्र झालं! अशा डब्यावरचं लेबल कसं वाचायचं ते उदाहरणादाखल पाहू. ३.३ व्होल्टवर २८ ॲम्पिअर, ५ वर ३०, १२ वर १७ असं लिहिलेलं असलं तर बेरीज साडेचारशेच्या जवळ जाते आणि ४५० हा आकडा खोटाही ठरत नाही. पण बारावर मिळतात फक्त २०४ वॅट, आणि नवं ग्राफिक्स कार्ड जेवतं ते याच ताटात. भरीला, जुन्या आराखड्यात ५ आणि १२ व्होल्टचं नियमन एकत्र होई. पाचावर काम नाही आणि बारावर ताण, अशी स्थिती आली की १२ चा दाब घसरे आणि ५ चा चढे. गेम सुरू होताच कॉम्प्युटर बंद पडायचा आणि दोष बिचाऱ्या विंडोजला, नाहीतर कार्डाला लागायचा. खर्च करायला निघालेल्याला ‘चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला’ म्हणून हसलं जाई, पण इथे मसाला म्हणून वगळलेली वस्तूच चूल होती.

आजचा जाणकार म्हणेल की हे सगळं संपलं. चांगल्या एसएमपीएसमध्ये आता सगळी वीज आधी १२ व्होल्टवर तयार होते आणि ५ व ३.३ त्यातूनच काढले जातात. ७५० वॅटचा डबा बारावर जवळजवळ तितकेच देतो. मग वॅट विचारले तर बिघडलं कुठे? आक्षेप वजनदार आहे, आणि चांगल्या मालापुरता बरोबरही. पण वॅटचा आकडा सरासरी सांगतो, क्षण सांगत नाही. साधारण २०२० पासूनची मोठी कार्डं मिलिसेकंदाच्याही अंशात आपल्या ठरलेल्या मागणीच्या खूप वर उसळतात, आणि बेरजेत पुरणारा पुरवठा घाबरून बंद होतो. म्हणून २०२२ च्या एटीएक्स ३.० मानकात, अतिशय अल्प काळासाठी, लेबलच्या दुपटीपर्यंतची उसळी सोसण्याची अट आली. २००४ पासूनचा ‘८० प्लस’चा शिक्काही इथे फार कामाचा नाही. तो कार्यक्षमता सांगतो, तीही २३ अंश सेल्सिअसच्या आसपास मोजलेली. विदर्भातल्या मे महिन्यात बंद कॅबिनेटच्या पोटात काय होईल, दाब किती थरथरेल, हे तो सांगत नाही. आणखी एक अडचण खास आपली. भारनियमनाच्या वर्षांत घरोघरी आलेले स्वस्त यूपीएस बॅटरीवर गेल्यावर चौकोनी वळणाची वीज देतात, आणि पॉवर फॅक्टर सुधारणारे नवे पुरवठे अशा काही यूपीएसवर नेमके वीज जाताच दगा देतात. यूपीएसचा मेळ पाहिल्याशिवाय एसएमपीएस घेणं म्हणजे अर्धीच खरेदी.

मग सरळ हजार वॅटचा घ्यावा आणि डोकेदुखी संपवावी, हा शेवटचा युक्तिवाद. पैसे असतील तर घ्यायला हरकत नाही, पण मोठ्या आकड्याने सगळं भागत नाही हे ऑक्टोबर २०२२ मध्येच दिसलं. ४५० वॅटच्या आरटीएक्स ४०९० कार्डासोबत सोळा पिनांचा, ६०० वॅटपर्यंतचा नवा जोड आला आणि काहींच्या कार्डाकडचं त्याचं प्लास्टिक वितळलं. पुरवठा त्यांच्याकडे मुबलक होता. अनेक प्रकरणांत जोडच पुरता आत बसलेला नव्हता. साध्या भागाकाराने पाहिलं तर ६०० वॅट म्हणजे बारावर ५० ॲम्पिअर, सहा पिनांत वाटून प्रत्येकी आठाच्या वर. संपर्क जरा ढिला झाला की ती जागा तापणारच. २०२३ मध्ये जोड सुधारला गेला तेव्हा वीज वाहणाऱ्या पिना लांब केल्या आणि संकेत देणाऱ्या बारीक पिना आखूड. आता प्लग अर्धवट बसला तर संकेताच्या पिना टेकतच नाहीत, आणि कार्ड वीज ओढायला सुरुवात करत नाही.