किल्ली कुणाच्या खिशात?

संशोधनाला सुरुवात केली की सिनियर लगेच सांगतात, “डेटा सर्व्हरवर आहे, एसएसएचएफएसने माउंट कर.” एक कमांड दिली की लांबच्या सर्व्हरवरची डिरेक्टरी आपल्याच लॅपटॉपवर असल्यासारखी उघडते. पण हे करताना सर्व्हर नक्की कुणावर विश्वास ठेवतो? या प्रश्नाचं उत्तर काळाप्रमाणे बदलत गेलंय.

सन मायक्रोसिस्टिम्सचं एनएफएस 1984 चं. त्यात विश्वास असायचा समोरच्या मशीनवर. ‘मी अमुक नंबरचा युजर’ असं मशीनने कळवलं, की सर्व्हर ते खरं मानायचा. कॅम्पसपुरत्या नेटवर्कवर हे खपून गेलं. टेलनेटमध्ये पासवर्ड लागायचा खरा, पण तो नेटवर्कवरून उघडाच जायचा.

1995 मध्ये हेलसिंकीच्या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या नेटवर्कवर असे पासवर्ड चोरले गेले. तिथले संशोधक तातू युलोनेन यांनी त्यावर उपाय म्हणून एसएसएच लिहिलं आणि जुलैमध्ये सगळ्यांना खुलं केलं. एफटीपीचा पोर्ट 21, टेलनेटचा 23. दोघांचीही जागा घ्यायची, म्हणून त्यांनी मधला 22 मागून घेतला!

सार्वजनिक किल्लीची कल्पना डिफी आणि हेलमन यांनी 1976 मध्येच मांडली होती. एसएसएचमध्ये ती अशी चालते: किल्ल्यांची जोडी बनवायची, सार्वजनिक किल्ली सर्व्हरवर ठेवायची, खासगी आपल्याकडेच. लॉगिन करताना खासगी किल्लीने सही होते. किल्ली स्वतः नेटवर्कवर जातच नाही. मध्ये कान लावून बसलेल्याच्या हाती काही लागत नाही.

मिक्लोश सेरेडी यांचं फ्यूज 2005 मध्ये लिनक्स कर्नलमध्ये आलं. त्याच्याच आधाराने त्यांनी एसएसएचएफएस लिहिलं. त्यासाठी सर्व्हरवर नवीन काही बसवावं लागत नाही. एसएसएचसोबत येणारं एसएफटीपी पुरतं.

मग प्रश्न मिटला का? नाही. मे 2020 मध्ये युरोपातले अनेक सुपरकॉम्प्युटर बंद ठेवावे लागले. एडिनबरोचा आर्चर त्यातलाच. एसएसएचचं गणित कुणी फोडलं नव्हतं. चोरलेली एसएसएच लॉगिन वापरून हल्लेखोर एका केंद्रातून दुसऱ्यात शिरत गेले. संशोधकांची कामं मात्र अडकून पडली.

थोडक्यात, पूर्वी मशीनवर असलेला विश्वास आता तुमच्या लॅपटॉपमधल्या एका छोट्या फाइलवर आहे. म्हणून किल्ली बनवताना पासफ्रेज विचारला, तर नुसतं एन्टर दाबून पुढे जाऊ नका. खासगी किल्ली सर्व्हरवर कॉपी करून ठेवू नका. आणि काम संपलं की डिरेक्टरी अनमाउंट करा.