हाताखाली आलेली पोर : बिनपगारी कामाचा इतिहास आणि आपली धोरणं



आजच्या विषयाचं नाव ‘बिनपगारी सेवाकार्य, किशोरवयीन मुलं आणि सामाजिक सुरक्षा’. नाव जरा सरकारी कागदासारखं वाटतं. पण आपल्या नगर जिल्ह्यात, आताच्या अहिल्यानगरात, याच गोष्टीला एक साधा बोल आहे. आई म्हणते, ‘पोरगी आता हाताखाली आली.’ म्हणजे दहा-अकरा वर्षांची झाली. धाकट्याला कडेवर घेते, हंडा आणते, भाकरी थापते, आजीला औषध देते. त्या वाक्यात कौतुक आहे आणि सुटकेचा निःश्वासही आहे. त्या आईला नावं ठेवायला आपण इथे जमलेलो नाही. ती दिवसभर दुसऱ्याच्या रानात राबते; तिला दुसरा हात कोण देणार? आपला प्रश्न वेगळा आहे. या धाकट्या हातांचा हिशोब राज्याने कधी धरला का? आणि धरला नसेल, तर कल्याणाची म्हणून जी धोरणं चालली ती कुणाच्या जिवावर चालली?

आम्ही तत्त्वज्ञानवाले शब्दांपासून सुरुवात करतो, त्याची सवय सुटत नाही. ‘स्कूल’ हा शब्द ज्या ग्रीक शब्दापासून आला, त्याचा मूळ अर्थ आहे फुरसत, सवड. शिकायला आधी मोकळा वेळ लागतो, हे त्या भाषेला ठाऊक होतं. ॲरिस्टॉटलनेही नागरिकाच्या चिंतनासाठी सवड आवश्यक मानली; मात्र ती सवड घरातल्या स्त्रिया आणि गुलाम राबत होते म्हणून मिळत होती, आणि त्याला ते स्वाभाविक वाटलं. म्हणजे एकाची शाळा दुसऱ्याच्या कष्टावर उभी राहते, ही गोष्ट जुनीच आहे. आपल्याकडे तिचा इतिहास कसा घडला ते पाहू.

सुरुवात नगरपासूनच करता येते. अमेरिकन मराठी मिशनच्या सिंथिया फॅरार १८३९ साली नगरला आल्या आणि त्यांनी इथे मुलींच्या शाळा चालवल्या. जोतीराव फुल्यांनी ही शाळा पाहिली आणि १८४८ मध्ये पुण्याला भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली. सावित्रीबाईंच्या शिक्षक-प्रशिक्षणाशीही फॅरारबाईंचं नाव जोडलं जातं. पण शाळा काढली म्हणजे मूल येतंच असं नाही, हा अनुभव जोतीरावांना पुढची तीसेक वर्षं येत राहिला असणार. कारण १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी नेमकं कारण मांडलं आहे. शेतकऱ्याची मुलं शाळेत येत नाहीत, कारण घरात दारिद्र्य आहे आणि गुरं राखायला, शेताकडे बघायला ती लागतात. म्हणून नुसत्या शाळा वाढवून भागणार नाही. शिष्यवृत्त्या द्या, बक्षिसं द्या, आणि बारा वर्षांपर्यंतचं शिक्षण सक्तीचं करा, असं ते म्हणाले.

हे नीट पाहिलं पाहिजे. मूल शाळेत गेलं की घराचं काहीतरी बुडतं, आणि ते बुडणं कुणीतरी भरून द्यावं लागतं, असा हा विचार आहे. आज ज्याला सामाजिक सुरक्षा म्हणतात तिचं बीज इथे आहे. मात्र जोतीरावांच्या त्या मांडणीत गुरं आहेत आणि शेत आहे. पाळण्यातलं मूल अजून आलेलं नाही. रानातलं काम दिसतं, घरातलं दिसायला आणखी साठ-सत्तर वर्षं जावी लागली.

ते दिसलं ताराबाई मोडकांना आणि अनुताई वाघांना. १९४५ साली बोर्डीला आणि १९५७ नंतर कोसबाडला त्यांनी आदिवासी मुलांसाठी काम केलं. मोठी बहीण शाळेत येत नाही, कारण धाकटं तिच्या कमरेवर आहे. आणि आली तर धाकट्यासकट येते, हे त्यांनी पाहिलं. आता कुठलाही मास्तर काय म्हणाला असता? ‘त्याला घरी ठेवून ये.’ या बायांनी उलट केलं. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली. तिला विकासवाडी म्हटलं. आणि गुरं राखणाऱ्यांसाठी कुरणातच शाळा भरवली. मूल शाळेच्या वेळात बसत नसेल तर शाळेने मुलाच्या वेळात बसावं. आमच्या मते महाराष्ट्राच्या शिक्षणविचारातलं हे फार मोठं पाऊल आहे, आणि त्याचा पुरेसा उपयोग आपण केलेला नाही.

आता दुष्काळाकडे येऊ, कारण नगर जिल्ह्याचा इतिहास दुष्काळाशिवाय सांगता येत नाही. १९७२-७३ मध्ये राज्यभर दुष्काळी कामं निघाली. १९७३ च्या मे महिन्यात सुमारे ५० लाख माणसं कामांवर होती. खडी फोडणं, रस्ते, पाझर तलाव. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली रोजगार हमी योजना याच काळात राज्यभर पसरली. तिचा कायदा १९७७ मध्ये झाला, २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. मागेल त्याला काम हा हक्क देणारा हा कायदा. त्याचा अभिमान आपण जरूर बाळगावा. कामावर बायकांची संख्या मोठी होती, आणि कामावर पाळणाघराची सोयही सांगितलेली होती. पण पुष्कळ ठिकाणी पाळणाघर म्हणजे बाभळीला बांधलेली झोळी आणि झोका देणारी थोरली बहीण. हमी आईच्या रोजगाराची होती. ती पाळली जात होती बहिणीच्या बिनरोजगारावर.

पुढे २००५ साली देशाचा रोजगार हमी कायदा झाला. त्याच्या अनुसूचीत एक कलम होतं, ते आम्हाला तात्त्विक दृष्ट्या फार मोलाचं वाटतं. कामावर सहा वर्षांखालची पाच किंवा अधिक मुलं आली, तर त्या बायकांपैकी एकीला मुलं सांभाळायला नेमायचं आणि तिला इतरांइतकीच मजुरी द्यायची. म्हणजे मूल सांभाळणं हे माती खणण्याइतकंच काम आहे, असं कायद्यानं म्हटलं! पण मेख कुठे आहे बघा. पाच मुलं कामावर आली पाहिजेत. ती येत नाहीत, कारण घरी त्यांना सांभाळणारी बारा वर्षांची बहीण आहे. तिच्या कष्टामुळे मुलांचा आकडा पाचाच्या खाली राहतो, आणि आकडा खाली राहिला म्हणून पाळणाघराची गरज नाही असं नोंदवलं जातं. तिचं कामच तिच्या कामाचा पुरावा पुसून टाकतं.

पुरावा पुसण्याची ही रीत आकडेवारीतही आहे. राष्ट्रीय नमुना पाहणीत माणूस मुख्यतः काय करतो याला एक क्रमांक देतात. शाळेत जाणाऱ्याला ९१, फक्त घरकाम करणाऱ्याला ९२, आणि घरकामासोबत पाणी, सरपण गोळा करणाऱ्याला ९३. मुलगी शाळेत आहे तोवर ती ९१. मग पहाटे चारला उठून तिने केलेला स्वयंपाक त्या आकड्यात कुठेच नाही. एके दिवशी ती ९२ होते, आणि आपण म्हणतो, ‘शाळा सोडली.’ शाळा एका दिवसात सुटत नसते. ती रोज अर्ध्या-अर्ध्या तासानं सुटत असते. देशभराचं वेळवापर सर्वेक्षण २०१९ साली झालं, त्यात सहा वर्षांपुढच्या सगळ्यांना धरलं होतं. घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटं देतात आणि करणारे पुरुष ९७ मिनिटं, असं त्यात दिसलं. हा फरक लग्नानंतर आकाशातून पडत नाही. हाताखाली येण्याच्या वयात त्याची घडण होते.

आता आपल्या जिल्ह्याचं खास दुखणं. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना उभा राहिला, १९५० च्या सुमारास गाळप सुरू झालं, आणि जिल्ह्याचा उत्तर भाग पालटला. पण याच जिल्ह्यात पाथर्डी, शेवगाव, जामखेड आहेत. दिवाळी झाली की तिथून, बीडमधून निघतात तशाच, ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाची उचल नवरा-बायकोच्या जोडीवर, म्हणजे एका कोयत्यावर मिळते. हिशोबात माणसं दोन. प्रत्यक्षात कोयत्यामागे तिसरी एक असते. ती कोपीत राहते, पाणी भरते, चूल पेटवते, धाकट्यांना राखते. ती सोबत गेली नाही तर गावी राहून म्हाताऱ्यांचं करते, भावांना जेवू घालते. गेली तरी तेच, राहिली तरी तेच. आणि वयात आलेल्या मुलीला कुठे ठेवायचं या काळजीपोटी तिचं लग्न उरकतात. मग नवा कोयता तयार होतो. महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या बायकांपैकी सुमारे २२ टक्क्यांचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं, असं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत आढळलं.

सरकारनं काही केलं नाही असं नाही. साखरशाळा झाल्या, हंगामी वसतिगृहं झाली. २०२१ मध्ये संत भगवानबाबा यांच्या नावाने ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहांची योजना आली. चांगली योजना आहे. पण वसतिगृहानं मुलीला कोपीतून उचललं, तिच्या जागी धाकट्याजवळ कोण बसणार? याचं उत्तर योजनेत नाही, म्हणून आईला ते स्वतःच द्यावं लागतं. मग वसतिगृहाच्या यादीत मुलाचं नाव जातं आणि मुलगी ट्रॅक्टरमध्ये बसते.

हीच फट आपल्याला सगळीकडे दिसेल. अंगणवाडी १९७५ पासून आहे. ती तीन ते सहा वयाच्या मुलांना काही तासच ठेवून घेते, आणि शाळा सुटण्याआधी बंद होते. तिनाखालच्या मुलाला तिथे दिवसभराची जागा नाही. १९८६ च्या शैक्षणिक धोरणात स्पष्ट म्हटलं होतं, की भावंडं सांभाळणाऱ्या मुलींना शाळेत येता यावं म्हणून पाळणाघरं हवीत. निदान झालं, औषध आलं नाही. शिक्षण हक्क कायदा १४ व्या वर्षी थांबतो. बालमजुरीच्या कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली, तिने शाळेची वेळ सोडून कुटुंबाला मदत करण्याची मुभा दिली. मदत कुठे संपते आणि मजुरी कुठे सुरू होते, ते कुणी मोजायचं? लेक लाडकी योजनेत टप्प्याटप्प्याने एक लाख एक हजार रुपये आहेत, त्यातले ७५ हजार अठराव्या वर्षी. लाडकी बहीण एकविसाव्या वर्षी सुरू होते. अकरा ते अठरा या वयात, जेव्हा वेळ हिरावला जातो, तेव्हा तिला पैशाइतकीच, किंबहुना जास्त, गरज असते ती वेळेची. वेळ बँकेत जमा करता येत नाही.

वेळ मात्र देता येतो. जामखेडला रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये काम सुरू केलं, तेव्हा लोकांनी आरोग्याआधी अन्न आणि पाणी मागितलं. हातपंप बसले, तेही दलित वस्तीत बसवले. आरोग्याचं काम म्हणून आपण त्याकडे बघतो. पण पंप जवळ आला की पाणी आणणाऱ्या मुलीचा तासही परत मिळतो. आणि निरक्षर बायकांना त्यांनी आरोग्यसेविका केलं, म्हणजे काळजी घेणं हे ज्ञानाचं काम मानलं.

तेव्हा मागणं काय असावं? आपण तीनच गोष्टी म्हणू. एक, अंगणवाडीला जोडून दिवसभराचं पाळणाघर, आणि ते शाळेच्या वेळेइतकं. केंद्राच्या पाळणा योजनेत अंगणवाडी-सह-पाळणाघराची तरतूद आहे. ती आधी टोळ्यांच्या तळावर आणि पाथर्डी-जामखेडच्या वस्त्यांवर यावी. तिथल्या बाईला मानधन नको, वेतन द्यावं. मान देऊन धन वाचवण्याची ही युक्ती पुरे झाली. दोन, घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस असेल तर मदतीत सांभाळणाऱ्याचाही वाटा असावा. दिव्यांग हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात काळजीवाहकाच्या भत्त्याची कल्पना आहेच, ती वाढवता येईल. तीन, शाळेच्या हजेरीपटावर गैरहजेरीचं कारण लिहावं. ‘भाऊ आजारी’, ‘आई कामाला’, ‘आजीजवळ’. वर्षाअखेरी ग्रामसभेत ते वाचावं.

शेवटची गोष्ट बिनखर्चाची आहे आणि पुढच्या सोमवारपासून करता येईल. इथे शिक्षक बसलेले आहेत, ग्रामपंचायतीचे सदस्यही दिसतात. प्रश्न विचारायला आपण आता वेळ ठेवला आहे. पण सुरुवात तुम्ही करावी, आणि तुमच्या शाळेतल्या त्या रिकाम्या बाकापासून करावी.