वांशिकता म्हणजे काय? वांशिक अल्पसंख्याक कोणाला म्हणायचे?

चळवळीत काम करताना वंश, जात, जमात, धर्म, अल्पसंख्याक हे शब्द आपण रोज वापरतो. निवेदनात आणि भाषणात ते एकमेकांच्या जागी येतात. मराठी वर्तमानपत्रे तर हिंदू-मुस्लिम दंगलीलाही 'जातीय दंगल' म्हणतात. शब्दांची अशी सरमिसळ झाली की मागणीही चुकीच्या दारात जाते. कोणत्या अन्यायासाठी कोणते कलम, कोणता आयोग, कोणता करार हे ठरवण्यासाठी आधी शब्दांचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा.

वंश आणि वांशिकता

मराठीत 'वंश' म्हटले की रक्त, घराणे, 'वंशाचा दिवा' असे काहीतरी डोळ्यापुढे येते. त्यामुळे वांशिकता म्हणजे रक्तातला फरक असा समज होतो. समाजशास्त्रात मात्र तसे नाही. कातडीचा रंग, नाकाची ठेवण यांवरून माणसांचे वंश पाडण्याची जुनी कल्पना आज विज्ञान मान्य करत नाही. वांशिक गट म्हणजे समान पूर्वज, समान इतिहास, भाषा, चालीरीती आणि भूमी यांमुळे 'आपण एक आहोत' असे मानणारा आणि इतरांनीही वेगळा मानलेला समूह. समान पूर्वज खरोखर होते की नाही, यापेक्षा तसा विश्वास आहे की नाही हे महत्त्वाचे, असे मॅक्स वेबर या जर्मन समाजशास्त्रज्ञाने सांगितले. पुढे १९६९ मध्ये फ्रेडरिक बार्थ यांनी दाखवून दिले की गटाची संस्कृती बदलत राहते, पण 'आपण' आणि 'ते' ही सीमारेषा टिकवली जाते.

भगवान बुद्धांनी वासेट्ठ सुत्तात हाच विषय वेगळ्या रीतीने मांडला आहे. गवत, झाडे, किडे, पक्षी यांच्यात जन्मजात वेगळी लक्षणे दिसतात. माणसामाणसांत तशी दिसत नाहीत. माणसांतले भेद हे व्यवहारात ठेवलेल्या नावांचे आहेत, असे तिथे सांगितले आहे.

जात म्हणजे वंश नव्हे

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात जातींवरील निबंध वाचला, तेव्हापासून त्यांनी जातीचा वांशिक सिद्धान्त नाकारला. १९३६ च्या 'जातिनिर्मूलन' या भाषणात पंजाबचा ब्राह्मण आणि पंजाबचा चांभार वंशाने वेगळे नाहीत, हा मुद्दा त्यांनी मांडला. १९४८ च्या अस्पृश्यांवरील ग्रंथातही त्यांनी वांशिक भेदाचा दावा तपासून फेटाळला. जात ही एकाच लोकांची केलेली सामाजिक विभागणी आहे.

आपले संविधानही हे दोन शब्द वेगळे ठेवते. कलम १५ मध्ये धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान या कारणांवरून भेदभाव करण्यास मनाई आहे. मग २००१ च्या डर्बन परिषदेत दलित संघटनांनी जातीचा प्रश्न वंशभेदाच्या व्यासपीठावर का नेला? कारण १९६५ च्या वंशभेदविरोधी आंतरराष्ट्रीय करारात वंश आणि रंग यांच्याबरोबर 'जन्मपरंपरा' हाही आधार दिलेला आहे. जात वंश नसली तरी जन्माने चिकटते. भारत सरकारने डर्बनमध्ये विरोध केला, पण या करारावर देखरेख ठेवणाऱ्या समितीने २००२ मध्ये जन्मपरंपरेत जातीचा समावेश होतो असे स्पष्ट केले.

अल्पसंख्याक कोण?

आपल्या संविधानात 'अल्पसंख्याक' या शब्दाची व्याख्या नाही. कलम ३० धर्म आणि भाषा यांवर आधारलेल्या अल्पसंख्याकांना शिक्षणसंस्था काढण्याचा हक्क देते. कलम २९ स्वतंत्र भाषा, लिपी किंवा संस्कृती असलेल्या नागरिकांना ती जपण्याचा हक्क देते. वांशिक अल्पसंख्याक असा स्वतंत्र वर्ग भारतीय कायद्यात नाही. अशा अनेक समूहांना अनुसूचित जमाती म्हणून संरक्षण मिळते. आंतरराष्ट्रीय पातळीवर मात्र १९६६ च्या नागरी व राजकीय हक्कांच्या कराराचे कलम २७ आणि १९९२ चा संयुक्त राष्ट्रांचा जाहीरनामा वांशिक, धार्मिक व भाषिक अल्पसंख्याकांचा स्पष्ट उल्लेख करतात.

१९९३ च्या अधिसूचनेनुसार बौद्ध हे राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्याक आहेत, पण धार्मिक अर्थाने. २०११ च्या जनगणनेत देशात सुमारे ८४ लाख बौद्ध होते. त्यांतले सुमारे ६५ लाख महाराष्ट्रात. महाराष्ट्रातला बौद्ध भाषेने मराठी आहे. १९९० च्या दुरुस्तीनंतर अनुसूचित जातींचे केंद्रीय संरक्षणही त्याला लागू झाले. लडाखचा बौद्ध मात्र भाषा, इतिहास आणि भूमी यांनीही वेगळा समूह आहे.

केवळ डोकी मोजून अल्पसंख्याक ठरवता येत नाहीत, हे बाबासाहेबांनी १९४७ मध्ये शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनच्या वतीने लिहिलेल्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' मध्ये सांगितले. एखादा समूह अल्पसंख्याक आहे की नाही याची खरी कसोटी सामाजिक भेदभाव ही आहे, अशी त्यांची भूमिका होती. ही कसोटी पुढील उदाहरणाला लावून पाहू.

चकमांचे उदाहरण

चकमा हे थेरवादी बौद्ध. त्यांची स्वतःची भाषा आणि लिपी आहे. त्यांची मुख्य वस्ती चितगावच्या डोंगराळ भागात, म्हणजे आजच्या बांगलादेशातील रांगामाटी, खाग्राछडी आणि बांदरबन या जिल्ह्यांत. १९४७ मध्ये या भागात मुस्लिमेतरांची प्रचंड बहुसंख्या होती, तरीही तो पाकिस्तानात गेला. १९६२ मध्ये कर्णफुली नदीवर कप्ताई धरण पूर्ण झाले. सुमारे ४० टक्के लागवडीयोग्य जमीन पाण्याखाली गेली आणि सुमारे एक लाख लोक विस्थापित झाले. त्यांत बहुसंख्य चकमा होते.

बांगलादेश झाल्यावर १९७२ च्या संविधानाने सर्व नागरिकांना 'बंगाली' ठरवले. मानवेंद्र नारायण लारमा यांनी सभागृहात विरोध केला: आम्ही बांगलादेशाचे नागरिक आहोत, पण बंगाली नाही. पुढे सशस्त्र संघर्ष झाला, मैदानी भागातून लोक आणून वसवले गेले आणि १९९१ पर्यंत डोंगरात जवळपास निम्मी लोकसंख्या बंगाली झाली. २ डिसेंबर १९९७ ला शांतता करार झाला, पण जमिनीचा वाद मिटलेला नाही. २०११ च्या घटनादुरुस्तीत या लोकांचा उल्लेख जमाती आणि लहान वांशिक समूह असा आला. त्यांची मागणी 'आदिवासी' या नावाची होती. नाव कोणी ठेवायचे, हाही हक्काचाच प्रश्न असतो.

याच चितगाव परिसरात बरुआ हेही बौद्ध आहेत, पण ते बंगाली भाषक आहेत. म्हणजे बरुआ धार्मिक अल्पसंख्याक, तर चकमा धार्मिक आणि वांशिक असे दुहेरी अल्पसंख्याक. दोघांचे त्रिशरण एकच, प्रश्न मात्र वेगवेगळे.

१९६४ पासून अनेक चकमा आणि हाजोंग कुटुंबांना आजच्या अरुणाचलात वसवण्यात आले. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कलम २१ प्रमाणे त्यांच्या जीविताचे रक्षण करण्याचा आदेश राज्याला दिला आणि २०१५ मध्ये पात्र लोकांना नागरिकत्व देण्यास सांगितले. स्थानिक जमातींचा मात्र विरोध आहे, कारण आपल्याच भूमीत आपण अल्पसंख्य होऊ ही भीती त्यांनाही आहे. त्या स्थानिकांत खामती आणि सिंगफो हे बौद्ध समूहही आहेत. धर्म एक असला म्हणजे वांशिक प्रश्न आपोआप सुटत नाही.

बौद्ध बहुसंख्य असतात तेव्हा

ही कसोटी उलटी लावून पाहण्याचे धैर्यही आपल्यात हवे. श्रीलंकेत १९५६ च्या कायद्याने सिंहलीला एकमेव राजभाषा केले, तमिळ भाषक मागे ढकलले गेले. म्यानमारमध्ये १९८२ च्या नागरिकत्व कायद्याने रोहिंग्यांना मान्य वांशिक गटांच्या बाहेर ठेवले आणि २०१७ मध्ये सात लाखांहून अधिक लोक बांगलादेशात पळून गेले. तिथे भेदभाव करणारी सत्ता बौद्ध बहुसंख्याकांची होती. चकमांसाठी आवाज उठवणारा कार्यकर्ता रोहिंग्यांविषयी गप्प राहिला, तर त्याने बाबासाहेबांची कसोटी सोडून फक्त आपली माणसे मोजली, असा त्याचा अर्थ होतो.

कार्यकर्त्यांनी लक्षात ठेवावे

निवेदन लिहिताना आधी भेदभावाचा आधार ठरवावा: धर्म, जात, भाषा की वांशिक ओळख. एकाहून अधिक असतील तर सगळे लिहावेत. समूहाला त्याने स्वतः निवडलेल्या नावाने संबोधावे. ईशान्येकडील विद्यार्थ्यांना आपल्या शहरात 'चिनी' म्हणून हिणवले जाते, तेव्हा तो वांशिक भेदभावच असतो. तिथे आपण बघ्याची भूमिका घेऊ नये. आणि कोणाचीही संख्या किती यापेक्षा त्याला वागणूक कशी मिळते, हे आधी विचारावे.