अक्कांची मांजरी आणि पांजरपोळ

पांजरपोळ म्हटलं की आपल्याला म्हाताऱ्या गाई-बैलांची आठवण येते. पण मुंबईच्या पांजरपोळामागं कुत्री होती. १८३२ साली इंग्रजांनी मोकाट कुत्री मारायचा हुकूम काढला, वर कुत्र्यामागं पैसे ठेवले. मग काय, शिपाई लोकांच्या दारातली कुत्रीसुद्धा ओढून न्यायला लागले. जूनमध्ये पारशी रस्त्यावर उतरले, बाजार बंद पडला. पुढं १८३४ मध्ये जमशेटजी जीजीभाई आणि अमीचंद शहा यांनी भुलेश्वरकडं पांजरपोळ काढला. एक पारशी, एक जैन!

आपल्या भागातलं तर सगळ्यांना ठाऊकच आहे. निपाणीजवळच्या भोजचे सातगौडा, म्हणजे पुढचे आचार्य शांतिसागर महाराज, शेतात आलेली पाखरं हाकलत नसत, उलट त्यांना पाणी ठेवत, असं आजही सांगतात.

पण पांजरपोळात जनावर एकटंच येतं. मालक दावं सोपवून घरी जातो. आता मालकच घर सोडून निघाला तर?

आमच्या नात्यातल्या अक्का अठ्ठ्याहत्तरच्या. मुलगा बेंगळुरूला, मुलगी पुण्याला. वृद्धाश्रमात जागा मिळाली, पण प्राणी चालणार नाहीत म्हणाले. अक्कांची मांजरी अकरा वर्षांची. मांजर हिंसक, ती पाळूच नये, हे आपल्याच घरातले मोठे सांगतात. खरं आहे. पण अकरा वर्षं दूधभात घातल्यावर तो वाद कशाला उकरायचा?

तत्त्वार्थसूत्रात अहिंसाव्रताचे पाच अतिचार आहेत: बंध, वध, छेद, अतिभारारोपण, अन्नपाननिरोध. नीट बघा, यातले बरेचसे जनावर पदरी असलेल्या माणसालाच लागू पडतात. रिकाम्या घरात मांजर सोडून कुलूप लावणं शेवटच्यात बसतं, असं मला वाटतं.

२०१५ साली जीवजंतु कल्याण मंडळानं सांगितलं की गृहनिर्माण सोसायट्यांना पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही. वृद्धाश्रमाची गोष्ट वेगळी, तिथं काळजीही त्यांचीच. कुणाला दमा असतो, कुणी मांजरीत पाय अडकून पडेल, अक्का दवाखान्यात गेल्या तर घाण कोण काढणार? या अडचणी खऱ्याच आहेत. पण मग तसं विचारावं: मागं हिला कोण नेणार, लेखी द्या. सरळ नाही कशाला म्हणायचं?

मी माझं नाव लिहून दिलंय. उत्तर यायचंय. तोवर अक्कांनी सामान बांधलेलं नाही.