वेब फीड आणि समकालीन जिल्हेतिहासाची साधने

धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार जिल्हा अस्तित्वात आला. त्यानंतर नऊ महिन्यांच्या आत, मार्च १९९९ मध्ये, अमेरिकेतील नेटस्केप कंपनीने आरएसएस या फीड-पद्धतीची पहिली आवृत्ती प्रसिद्ध केली. हे कालसान्निध्य केवळ योगायोगाचे होय. तथापि या जिल्ह्याच्या इतिहासाची बरीचशी साधने कागदाऐवजी संकेतस्थळांवर निर्माण झाली असल्याने, फीडचा विचार येथील अभ्यासकास टाळता येण्याजोगा नाही.

फीडचे स्वरूप साधे आहे. संकेतस्थळावर ठराविक पद्धतीने लिहिलेली एक फाइल असते. तीत प्रत्येक नव्या मजकुराचे शीर्षक, दुवा, दिनांक व बहुधा सारांश नोंदलेला असतो. वाचकाजवळील फीड-वाचक नावाचे साधन ही फाइल ठराविक अंतराने तपासते व नवीन नोंदी तेवढ्या पुढे मांडते. म्हणजे पन्नास संकेतस्थळे रोज चाळण्याऐवजी एकच यादी पाहावी लागते. वाचकाने आपला पत्ताही कोणास कळवावा लागत नाही; वर्तमानपत्राच्या वर्गणीहून ही व्यवस्था येथे भिन्न ठरते.

पहिल्या आवृत्तीच्या कर्त्यांपैकी रामनाथन गुहा हे मद्रासच्या आयआयटीचे विद्यार्थी. डॅन लिबी हे त्यांचे सहकारी. नेटस्केपने लवकरच या कामातून अंग काढून घेतले. डेव्ह वायनर यांनी २००२ मध्ये आरएसएसची २.० ही आवृत्ती सिद्ध केली, तर डिसेंबर २००५ मध्ये ॲटम ही समांतर पद्धती मानक म्हणून प्रसिद्ध झाली. आजची बहुतेक साधने दोन्ही पद्धती वाचतात.

या साधनाचे महत्त्व टेंभलीच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. नंदुरबार जिल्ह्यातील या गावी २९ सप्टेंबर २०१० रोजी पंतप्रधान मनमोहन सिंग व सोनिया गांधी यांच्या उपस्थितीत देशातील पहिले आधार क्रमांक देण्यात आले. त्या दिवसाचा वृत्तान्त मिळविणे कठीण नव्हते. परंतु त्या घटनेचा अर्थ पुढील आठ वर्षांत उलगडत गेला : २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात आव्हान, २०१६ चा आधार अधिनियम, २४ ऑगस्ट २०१७ चा खाजगीपणाविषयीचा निर्णय आणि २६ सप्टेंबर २०१८ चा आधारविषयक निकाल. एका दिवसाचे वृत्त आपोआप समोर येते; आठ वर्षांचे प्रकरण मात्र जाणीवपूर्वक अनुसरावे लागते. पत्र सूचना कार्यालयासारख्या शासकीय संस्थांची फीडे, तसेच मराठी विकिपीडियावरील लेखाच्या इतिहासपानाचे फीड, यांचा उपयोग याच कामी होतो.

याच कालावधीत एक महत्त्वाची घटना घडली. २००५ मध्ये सुरू झालेला गूगल रीडर १ जुलै २०१३ रोजी बंद करण्यात आला. ज्यांनी आपली यादी ओपीएमएल फाइलमध्ये उतरवून घेतली, त्यांना ती दुसऱ्या साधनात नेता आली. इतरांना अनुसंधान नव्याने जुळवावे लागले. फीडची पद्धती कोणा एका कंपनीच्या मालकीची नसल्यामुळेच हे स्थलांतर शक्य झाले. यावरून यादीची प्रत स्वतःजवळ ठेवणे हा पहिला नियम ठरतो.

दुसरा नियम अधिक महत्त्वाचा आहे. फीड हे दफ्तर नव्हे. त्यात सामान्यतः अलीकडच्याच नोंदी राहतात. वर्डप्रेसवर चालणाऱ्या स्थळांत ही संख्या मुळात दहाच असते. नवी नोंद आली की जुनी गळून पडते, आणि मूळ पान हलविले गेल्यास दुवाही निरुपयोगी होतो. म्हणून महत्त्वाची नोंद दिसताच मूळ पान उतरवून घेऊन त्यावर दिनांक व पत्ता लिहिणे अवश्य आहे.

फीडमुळे बातमी पोचते. पुरावा जतन होत नाही. जुन्या खानदेशाच्या अभ्यासकास दफ्तरखान्यात तयार रुमाल सापडत. नव्या जिल्ह्याच्या अभ्यासकास आपला रुमाल घटना घडत असतानाच बांधावा लागणार आहे.