ओकावांगो : उलट्या पावसाळ्याचा देश

काही वर्षांपूर्वी जुलैत आम्ही दोघं बोत्स्वानाला गेलो. पावसाचा थेंब नाही, पहाटे बोटं आखडतील अशी थंडी, आणि तरी समोर नजर पोचेल तिथवर पाणी. पाऊस अंगोलाच्या डोंगरांत डिसेंबर ते मार्चमध्ये पडतो. ते पाणी ओकावांगो नदीतून रमतगमत येतं, आणि जमिनीला उतार जवळजवळ नसल्यामुळे माऊन गावाशी पोचायला जुलै-ऑगस्ट उजाडतो. (आमच्या ऑफिसात एवढी 'लेटन्सी' असती तर केव्हाच नारळ मिळाला असता!) समुद्र या नदीच्या नशिबी नाही. बरंचसं पाणी ऊन आणि झाडं पिऊन टाकतात, उरलेलं कालाहारीच्या वाळूत जिरतं. मात्र ऐन कोरड्या ऋतूत पूर येतो म्हणून हत्ती, म्हशी, लेचवे हरणं सगळी इथे गोळा होतात.

जनावरं भरपूर पाहिली. त्यांचे फोटो सवडीने टाकीनच. पण मला लिहायचंय ते मोरेमी अभयारण्याविषयी.

आफ्रिकेतली बहुतेक जुनी अभयारण्यं गोऱ्या साहेबांनी आखली. हे १९६३ सालचं, बोत्स्वाना तेव्हा ब्रिटिशांचं बेचुआनालँड होतं. पण हे अभयारण्य केलं तिथल्या बातवाना लोकांनी. राजा मोरेमी तिसरा १९४६ मध्ये वारला, मुलगा लहान, म्हणून राणी पुलाने मोरेमी कारभार पाहत होती. बाहेरचे शिकारी बेसुमार शिकार करत होते, गुरं आत सरकत होती. शिवाय त्सेत्से माशी! ती चावली की गुरं मरतात, माणसाला निद्रारोग होतो. माशी जंगली जनावरांच्या रक्तावर जगते, म्हणून सरकारी बंदुका जनावरांवरच चालत होत्या. गंमत म्हणजे याच माशीच्या धाकाने गुरं इतकी वर्षं आत शिरली नव्हती. राखण केली ती माशीने, आणि मार खाल्ला हरणांनी.

तर राणीच्या पुढाकाराने, टोळीच्या संमतीने आपल्याच जमिनीचा मोठा तुकडा राखून ठेवला गेला. पुढे १९७० च्या दशकात चीफ्स आयलंड, म्हणजे राजघराण्याचं शिकारीचं खास रान, तेही त्यात आलं. २०१४ मध्ये ओकावांगो युनेस्कोच्या यादीत हजारावं स्थळ ठरलं. स्वतःची शिकार स्वतःच बंद करणारी माणसं! मी भलताच खूश झालो आणि आमच्या गाइडला हे सगळं ऐकवत बसलो.

त्याने निमूटपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "माझी आजी आत राहायची."

तो ख्वाई गावचा. हे लोक बुगाख्वे, नदीकाठचे सान. मासे, कंदमुळं, शिकार यांवर पिढ्यान्‌पिढ्या जगलेले. बातवाना या भागात आले त्याच्या कितीतरी आधीपासून ते इथे होते. अभयारण्य ठरलं तेव्हा त्यांना वस्त्या सोडून नदीपलीकडे जावं लागलं. ज्या पाण्याकाठी आपण कॅमेरे घेऊन बसतो, तिथे कुणाच्या तरी चुली होत्या.

मग राणी चुकली का? मला तसं म्हणवत नाही. तिने ते केलं नसतं तर आज तिथे कदाचित कुंपणं आणि गुरंच दिसली असती. पण 'आपली जमीन आपण राखली' या वाक्यातलं 'आपण' नक्की कोण, हे मी तोवर स्वतःला विचारलंच नव्हतं. वाचून गेलो होतो, तरी!

ख्वाईकरांनी पुढे स्वतःचा ट्रस्ट काढला, आता नदीच्या त्यांच्या बाजूचं पर्यटन तो ट्रस्ट पाहतो. थोडी भरपाई म्हणा हवं तर.

दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तरेच्या फाटकाशी नोंदवही समोर आली. मी नाव लिहिलं, देश लिहिला, पैसे भरले. माझ्या मागोमाग त्याने वही ओढली आणि तोही नाव लिहू लागला.