आत्तीची जट

१९७२च्या दुष्काळात आमच्या सांगलीकडं पाण्याचे फार हाल झाले. डोक्यावरून आंघोळ कधी तरीच व्हायची. त्याच साली आत्तीच्या केसांत गुंता झाला. ती तेव्हा पंधराची. आई फणी घेऊन बसली, तर आजी म्हणाली, "हात लावू नगंस, यल्लम्मानं बोलावलंय." झालं. त्या दिवसापासून तेल बंद, फणी बंद, वर नुसता भंडारा. गुंत्याची जट झाली. देवीच्या पोरीला कोण करून घेणार? लग्न राहिलं ते राहिलंच.

जट कापली तर रक्त येतं, घरात मढं पडतं, असं सगळे सांगायचे. खरं तर वाढलेला केस नखासारखा, त्यात जीव नसतो. धुतला नाही, विंचरला नाही, की घामा-धुळीनं चिकटत जातो. देवीला पोरी सोडू नयेत म्हणून मुंबई इलाख्यात १९३४ सालीच कायदा झाला होता. पण कायदा काही घरात येऊन फणी घालत नाही. ते काम पुढं अंधश्रद्धा निर्मूलनवाल्यांनी गावोगाव फिरून केलं.

त्यांच्यातल्या दोघी आमच्या घरी आल्या, तेव्हा आत्ती पन्नाशीला टेकली होती. कातर चालली. रक्ताचा थेंब नाही. उवा तेवढ्या निघाल्या. मानेवरून हात फिरवत आत्ती म्हणाली, "लई हलकं वाटतंय रं." मग जरा थांबून, "आधीच का न्हाई कापली?"

घरात दहावी शिकलेला मीच होतो. मी खाली बघितलं.